एकुशे पदक आणि पद्म पुरस्कार : बंगाली भाषा-संस्कृतीच्या सेवेसाठी नामांकन कसे करावे

बंगाली भाषा, साहित्य, लोककला किंवा समाजकार्य यांसाठी आयुष्य वेचलेल्या व्यक्तीचे नाव राष्ट्रीय नागरी सन्मानासाठी सुचवायचे असेल, तर प्रस्ताव कोणत्या देशाच्या सरकारकडे जाणार आहे, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. बांगलादेशात एकुशे पदक आणि स्वाधीनता पुरस्कार हे दोन मोठे सन्मान आहेत. भारतात एका भाषेसाठी राखलेला राष्ट्रीय नागरी सन्मान नाही. तिथे बंगालीसाठी झालेले काम पद्म पुरस्कारांच्या चौकटीतच मांडावे लागते. पश्चिम बंगालचा बंगविभूषण हा राज्य सरकारचा सन्मान असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

एकुशे पदकाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. उर्दू हीच राष्ट्रभाषा राहील, या पाकिस्तानी राज्यकर्त्यांच्या आग्रहाविरुद्ध ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले. ‘एकुशे’ म्हणजे त्या महिन्याची एकवीस तारीख. या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ १९७६ मध्ये पदक सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी काझी नझरूल इस्लाम, जसीमुद्दीन व सुफिया कमाल या कवींना ते मिळाले. गोळीबारात बळी पडलेले अबुल बरकत, अब्दुल जब्बार, रफिकुद्दीन अहमद हे मात्र या पदकाच्या यादीत २००० मध्ये, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी आले. मरणोत्तर सन्मानाला येथे आडकाठी नाही, हे यावरून दिसतेच. पण ज्यांच्यामुळे पदक जन्माला आले त्यांनाच इतकी वाट पाहावी लागली, ही गोष्ट मनाला लागून राहते.

पदकासाठी विचारात घेतली जाणारी क्षेत्रे विस्तृत आहेत. भाषा आंदोलन, १९७१ चे मुक्तियुद्ध, भाषा व साहित्य, संगीत-नृत्य-अभिनय-चित्रकला यांसह सर्व कला, पत्रकारिता, संशोधन, शिक्षण, विज्ञान व तंत्रज्ञान, अर्थकारण, समाजसेवा आणि राजकारण ही क्षेत्रे निमंत्रणातच दिलेली असतात. याखेरीज सरकार अन्य क्षेत्रही ठरवू शकते. व्यक्तीबरोबरच गट आणि संस्था यांनाही हा सन्मान मिळू शकतो. २०२५ मध्ये बांगलादेशाच्या महिला फुटबॉल संघाला तो मिळाला, हे त्याचे अलीकडचे उदाहरण.

प्रस्ताव कोण पाठवतो, हे येथे विशेष समजून घ्यावे. सांस्कृतिक कार्य मंत्रालय दरवर्षी नामांकनासाठी पत्र काढते आणि ते सरकारची सर्व मंत्रालये, विभाग व संलग्न संस्था, सार्वजनिक विद्यापीठे, जिल्हा प्रशासक, तसेच यापूर्वी एकुशे पदक किंवा स्वाधीनता पुरस्कार मिळालेल्या मान्यवरांना उद्देशून असते. म्हणजे एखाद्या खेड्यातल्या बाउल गायकासाठी कोणाला प्रयत्न करायचा असेल, तर माहिती गोळा करून ती जिल्हा प्रशासकाच्या कार्यालयापर्यंत, विद्यापीठाच्या संबंधित विभागापर्यंत किंवा एखाद्या पदकप्राप्त ज्येष्ठांपर्यंत नेणे, हाच सरळ मार्ग ठरतो. भारतात बसून तिकडच्या एखाद्या कलावंताचे नाव सुचवू पाहणाऱ्यानेही हीच वाट धरावी. विहित नमुना आणि धोरणपत्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. सन्मान फेब्रुवारीत दिला जात असला, तरी प्रस्तावांची मुदत आदल्या वर्षीच संपलेली असते. म्हणून पावसाळा सरण्याआधी कागद तयार असलेले बरे.

मानकऱ्यांना १८ कॅरट सोन्याचे ३५ ग्रॅम वजनाचे पदक, मानपत्र आणि २०२० पासून चार लाख टाका (बांगलादेशाचे चलन) इतकी रक्कम दिली जाते. पदकाचे रेखाटन चित्रकार-शिल्पकार नितुन कुंडू यांचे आहे. स्वाधीनता पुरस्कार त्याहून वरचा, १९७७ पासूनचा. तो २६ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने दिला जातो आणि त्याचे काम मंत्रिमंडळ विभाग पाहतो.

पद्म पुरस्कारांची रीत याहून अगदी निराळी आहे. येथे कोणताही नागरिक नामांकन करू शकतो, इतकेच नव्हे तर स्वतःचे नावही सुचवू शकतो. नामांकन केवळ केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन स्वीकारले जाते. टपालाने पाठवलेल्या जाडजूड फायलींचा उपयोग होत नाही. मुदत दरवर्षी जाहीर होते आणि ती बदलते: २०२५ च्या पुरस्कारांसाठी ती १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी होती, तर २०२६ च्या पुरस्कारांसाठी १५ मार्च २०२५ पासूनच नामांकने सुरू झाली आणि मूळ मुदत ३१ जुलैची होती. जुन्या तारखेच्या भरवशावर राहिलेल्याचे पूर्ण वर्ष वाया जाते.

पात्रतेत वंश, व्यवसाय, पद किंवा स्त्री-पुरुष असा भेद नाही. मात्र डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी कर्मचारी, त्यात सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही आले, नोकरीत असेपर्यंत पात्र ठरत नाहीत. परदेशी व्यक्तींना हा सन्मान मिळू शकतो आणि बंगालीच्या बाबतीत तो मिळालाही आहे: ढाक्याचे अभ्यासक आनिसुज्जामान यांना १९८५ मध्ये एकुशे पदक आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले, तर रवींद्रसंगीताच्या साधक सनजीदा खातून यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वर्षाला १२० ही पुरस्कारांची कमाल संख्या आहे. मरणोत्तर, परदेशी आणि अनिवासी मानकरी तीत मोजले जात नाहीत. हा सन्मान सहसा मरणोत्तर दिला जात नाही. काम अत्यंत मोलाचे असेल आणि निधन ज्या प्रजासत्ताकदिनी घोषणा व्हायची त्याच्या आधीच्या साधारण वर्षभरातले असेल, तरच अपवाद होतो. पश्चिम बंगालमधील पुरुलियातले, छौ या लोकनृत्याच्या मुखवट्यांचे कारागीर नेपालचंद्र सूत्रधार यांचे नाव २०२४ च्या यादीत असे मरणोत्तर आले. म्हणून वृद्ध कलावंताचे नामांकन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबणीवर टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अर्जात व्यक्तीचा तपशील आणि क्षेत्र भरायचे असते. लोककलेसाठी ‘कला’, लेखन व अध्यापनासाठी ‘साहित्य व शिक्षण’, गावपातळीवरच्या कामासाठी ‘समाजकार्य’ हे रकाने आहेत. खरा कस लागतो तो जास्तीत जास्त ८०० शब्दांच्या निवेदनात. समितीपुढे माणूस उभा राहतो तो या निवेदनातून. ‘त्यांनी बंगाली संस्कृतीची अतुलनीय सेवा केली’ हे वाक्य कोणालाही लावता येते, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी कांथा भरतकाम करणाऱ्या बाईंनी कोणत्या वर्षापासून किती जणींना शिकवले, त्यांपैकी किती आज त्यावर घर चालवतात, कोणता विसरलेला टाका त्यांनी जुन्या गोधडीवरून पुन्हा उचलला, असे लिहिले की वाचणाऱ्याला काम दिसते.

अशी माहिती सहज हाती लागत नाही. लोककलावंताच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आकाशवाणीची करारपत्रे, जत्रेतल्या कार्यक्रमांची हँडबिले आणि वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणे असतात, पण कात्रण बातमीपुरतेच कापलेले असल्याने तारीख आणि वर्तमानपत्राचे नाव कात्रीखाली गेलेले असते. तेव्हा प्रत्येक कागदाचे वर्ष घरच्यांना विचारून पेन्सिलीने मागे लिहावे, ग्रंथालयात जाऊन शक्य तितके पडताळावे आणि जे पडताळता आले नाही ते निवेदनात घेऊ नये. ओळखपत्र, छायाचित्र, मिळालेल्या पुरस्कारांची वर्षांसह यादी, प्रकाशने किंवा ध्वनिमुद्रणे यांची सूची आणि शिष्यांची नावे एवढे जवळ असले, तर ढाक्याचा नमुना असो वा दिल्लीचे पोर्टल, दोन्हीकडे निम्मे काम झालेले असते. नाव कसे लिहिले आहे याकडेही लक्ष असावे. एकच आडनाव ओळखपत्रावर ‘बंदोपाध्याय’ आणि पुस्तकावर ‘बॅनर्जी’ असे असेल, तर अर्जात ओळखपत्राप्रमाणे लिहून दुसरे रूप निवेदनात एकदा स्पष्ट करावे.

मराठी वाचकांनी हे सारे दूरचे समजू नये. मूळचे कोकणातल्या घराण्यातले, आजच्या झारखंडमधील देवघर शहराजवळ जन्मलेले सखाराम गणेश देउसकर यांनी बंगालीत लिहून स्वदेशीच्या काळात मोठा वाचकवर्ग मिळवला होता, आणि बंगालीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. अशा भाषांतरकाराचे नामांकन ‘साहित्य व शिक्षण’ या क्षेत्रात करता येते. त्यासाठी बंगाली मातृभाषा असण्याची अट नाही. मूळ पुस्तक, भाषांतर, प्रकाशक आणि वर्ष अशी चार रकान्यांची सूची सोबत तयार ठेवली, की निवेदन लिहिणे पुष्कळ सोपे होते.

मुदत संपल्यावर नामांकने पद्म पुरस्कार समितीपुढे जातात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्याकडे मान्यतेसाठी जातात. नावे प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर होतात. सन्मानासोबत राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नसते. आणि तो किताब नसल्यामुळे नावाच्या मागे-पुढे लावता येत नाही, हे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे. यादीत नाव आले नाही, तर जमवलेले कागद तसेच जपून ठेवून, वर्षभरात झालेल्या कामाची भर घालून, पुढच्या मुदतीत नव्याने नामांकन भरावे.