मुष्टियोद्ध्यांचे वाचन

व्यावसायिक मुष्टियोद्धे काय वाचतात, केव्हा वाचतात आणि त्यांच्या हाती पुस्तक येते कुठून, याची माहिती आत्मचरित्रांत, वार्ताहरांच्या बातम्यांत आणि प्रशिक्षकांच्या आठवणींत विखुरलेली आहे. बॉक्सरच्या हातात पुस्तक दिसले की वर्तमानपत्रांनी ते नवल म्हणून छापायचे, ही रीत निदान शंभर वर्षे जुनी आहे. ठोसे मारणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही, असा समज त्या नवलामागे असतो. या पेशाचा दिनक्रम पाहिला तर वाचनाला त्यात भरपूर जागा आहे. मोठ्या लढतीपूर्वी खेळाडू कित्येक आठवडे घरापासून दूर, सराव शिबिरात राहतो. पहाटे धावणे, नंतर स्पॅरिंग (म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत) आणि बॅगवरचा सराव. मधले सगळे तास विश्रांतीचे. वजन आटोक्यात ठेवायचे म्हणून खाण्यावर बंधन, जागरण बंद, गावात भटकणे बंद. अशा लांबलचक दुपारी पत्ते, बुद्धिबळ नाहीतर पुस्तक, एवढेच हाताशी उरते. मुष्टियोद्ध्यांच्या वाचनाच्या बऱ्याच हकिकती शिबिरांतल्या आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळशा तुरुंगांतल्या आहेत.

लिहिणारे मुष्टियोद्धे वर्तमानपत्रांच्या या नवलाच्याही आधीपासून होते. लंडनचा ज्यू मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना बचावाच्या आणि पायांच्या चपळाईच्या बळावर हरवत असे. त्याने १७८९ मध्ये ‘द आर्ट ऑफ बॉक्सिंग’ लिहिले आणि १८१६ मध्ये आपल्या आठवणी छापल्या. विसाव्या शतकात नॅट फ्लायशर यांनी १९२२ मध्ये काढलेले ‘द रिंग’ हे मासिक बॉक्सरांच्या नेहमीच्या वाचनातले झाले.

वाचणारा बॉक्सर म्हणून सगळ्यात गाजलेले नाव जीन टनीचे (१८९७–१९७८). न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या आयरिश कुटुंबातला हा मुलगा. वडील गोदीत हमाली करत. शाळा लवकर सुटली आणि टनी एका जहाज कंपनीत कारकून म्हणून लागला. पहिल्या महायुद्धात तो मरीन दलातर्फे फ्रान्सला गेला. तिथे एका सहकाऱ्याजवळ शेक्सपिअरची नाटके होती. त्यांतले ‘द विंटर्स टेल’ टनीच्या हाती आले. पहिल्या वाचनात ते डोक्यावरून गेले. पण त्याने ते सोडले नाही, समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचले. पुढे प्रतिस्पर्ध्याच्या लढती बारकाईने अभ्यासून त्याच्या खेळातली फट शोधायची, ही टनीची ख्याती झाली. दोन्हींमागची चिकाटी एकच होती, असे मला ठामपणे वाटते.

१९२६ च्या उन्हाळ्यात हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सीशी लढायची तयारी टनी न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागातल्या स्पेक्युलेटर या गावी करत होता. असोसिएटेड प्रेसचा वार्ताहर ब्रायन बेल तिथे पोहोचला, तेव्हा त्याला टनीजवळ सॅम्युअल बटलरची ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ ही कादंबरी दिसली. बातमी देशभर पसरली. डेम्प्सीच्या गोटात तर आनंदच झाला. आव्हानवीर पुस्तक वाचत बसला आहे, म्हणजे लढत खिशात, असे त्यांनी धरले. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियात, भर पावसात, १ लाख २० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर टनीने दहा फेऱ्यांत डेम्प्सीला गुणांवर हरवले. पुढच्या वर्षी शिकागोतही तोच जिंकला. त्या लढतीच्या सातव्या फेरीत टनी खाली पडल्यावर पंचांनी दहापर्यंतची मोजणी (ती संपण्याआधी उठला नाही तर पडलेला हरतो) उशिरा सुरू केली, यावर अजून वाद होतो.

विजेतेपद मिळाल्यावरही चेष्टा थांबली नाही. १९२८ मध्ये येल विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम लायन फेल्प्स यांनी त्याला शेक्सपिअरवर बोलायला बोलावले. टनी ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकावर बोलला. क्रीडा पत्रकारांना हा बडेजाव वाटला आणि मुष्टियुद्धाच्या चाहत्यांनाही तो परकाच वाटत राहिला. याच काळात कादंबरीकार थॉर्नटन वाइल्डरबरोबर तो युरोपात पायी हिंडला. १९२९ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या ब्रिओनी बेटांवर तो पत्नीसह गेला असता बर्नार्ड शॉ दांपत्याचा सहवास त्याला लाभला. शॉ तरुणपणी स्वतः हौशी मुष्टियुद्ध शिकले होते आणि ‘कॅशल बायरन्स प्रोफेशन’ ही मुष्टियोद्ध्यावरची कादंबरीही त्यांनी लिहिली होती. टनीला ती पटली नव्हती आणि तसे त्याने बोलूनही दाखवले होते. तरी दोघांची मैत्री शॉ यांच्या अखेरपर्यंत टिकली.

टनीने १९२८ मध्ये विजेता असतानाच निवृत्ती घेतली. त्यामागे एक गंभीर कारण होते. डेम्प्सीशी दुसऱ्या लढतीच्या तयारीत, स्पॅरिंग करताना त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि काही काळ त्याची स्मृती गेली. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. योगायोग असा, की १९२८ मध्येच न्यूजर्सीतले विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या मेंदूला होणाऱ्या इजेवरचा ‘पंच ड्रंक’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अडखळती चाल, जड होत गेलेली वाणी, मंदावलेली बुद्धी ही लक्षणे त्यात नोंदली आहेत. मुष्टियोद्ध्यांच्या वाचनाचा विचार करताना हे विसरता येत नाही. ज्या मेंदूने वाचायचे, त्याच मेंदूवर घाव सोसणे हा त्यांचा पेशा आहे. टनी वेळीच थांबला. ‘अ मॅन मस्ट फाइट’ (१९३२) आणि ‘आर्म्स फॉर लिव्हिंग’ (१९४१) ही दोन पुस्तके त्याने नंतर लिहिली.

पुस्तकांना तालमीचाच भाग मानणारे प्रशिक्षक म्हणजे कस डिअमॅटो. भीती आगीसारखी असते, ताब्यात ठेवली तर ऊब देते, सुटली तर घर जाळते, ही त्यांची शिकवण. त्यांचा शिष्य होझे टोरेस हा पोर्तो रिकोचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले, १९६५ मध्ये तो लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. नॉर्मन मेलर आणि पीट हॅमिल या लेखकांशी त्याची घट्ट मैत्री होती. मेलरला तो बॉक्सिंग शिकवत असे. टोरेस निवृत्तीनंतर वृत्तपत्रांत स्तंभ लिहू लागला. मुहम्मद अलीवरचे त्याचे ‘स्टिंग लाइक अ बी’ १९७१ मध्ये आले आणि माइक टायसनवरचे ‘फायर अँड फिअर’ १९८९ मध्ये. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच गुरूची शिकवण आहे. जगज्जेत्याने दुसऱ्या जगज्जेत्याच्या खेळाचे विश्लेषण करावे आणि ते वाचनीयही व्हावे, असे क्वचित घडते. टोरेसला ते साधले.

टायसन डिअमॅटोंकडे आला तो बालसुधारगृहातून. वाचन बेताचे होते; सुधारगृहातले प्रशिक्षक बॉबी स्ट्युअर्ट यांनी बॉक्सिंग शिकवताना अभ्यासाचीही अट घातली होती. कॅट्सकिल गावच्या डिअमॅटोंच्या घरातून त्याला मुष्टियुद्धाचा कोश मिळाला. बेनी लेनर्ड, हॅरी ग्रेब, जॅक जॉन्सन यांच्याविषयी वाचत त्याने रात्र जागून काढली, असे तो आत्मचरित्रात सांगतो. जुन्या विजेत्यांच्या मुलाखतींचे पीटर हेलर यांचे ‘इन धिस कॉर्नर’ हेही त्याच्या आवडीचे. मोजे आणि झगा न घालता, काळ्या चड्डीत रिंगमध्ये उतरण्याची त्याची तऱ्हा या जुन्या मुष्टियोद्ध्यांकडून उचललेली होती. त्यामुळे टायसनचे पहिले प्रेम इतिहास होते, असे म्हणायला आधार आहे. तत्त्वज्ञान नंतर आले.

धर्मग्रंथ वाचणारे मुष्टियोद्धे अनेक. इव्हँडर होलिफील्डच्या कपड्यांवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या तेराव्या ओवीचा उल्लेख असे. मुहम्मद अलीचे वाचन कुराणाभोवती फिरत राहिले. उत्तरायुष्यात तो सूफी विचाराकडे वळला आणि हजरत इनायत खान यांचे लेखन त्याच्या जवळचे झाले. मुलगी हाना हिच्यासह लिहिलेल्या ‘द सोल ऑफ अ बटरफ्लाय’ (२००४) या पुस्तकावर त्याची छाप दिसते. हे इनायत खान म्हणजे १८८२ साली बडोद्यात जन्मलेले गवई. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा उभारली. मराठी वाचकाला अलीच्या पुस्तकांच्या कपाटात असा एक ओळखीचा धागा सापडतो.

अलीचे वाचन समजून घ्यायला आणखी एक बाजू पाहावी लागते. त्याला वाचनअक्षमतेचा त्रास होता. लुईव्हिलच्या शाळेत तो शेवटच्या काही विद्यार्थ्यांत होता. १९६४ मध्ये सैन्यभरतीच्या लेखी चाचणीत तो नापास झाला आणि त्याची जाहीर खिल्ली उडाली. व्हिएतनाम युद्धासाठी माणसे कमी पडू लागल्यावर पात्रतेची रेषा खाली आणली गेली, तेव्हा तोच अली भरतीयोग्य ठरला. १९६७ मध्ये त्याने सैन्यात जायला नकार दिला आणि विजेतेपद गमावले. १९७५ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘द ग्रेटेस्ट’ या आत्मकथनाच्या संपादक होत्या टोनी मॉरिसन, ज्यांना पुढे साहित्याचे नोबेल मिळाले.

अलीने १९६४ मध्ये ज्याला हरवले, त्या सॉनी लिस्टनला लिहिता-वाचता येत नव्हते. अर्कान्सासमधल्या बटाईने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबातले ते पोर. शाळेऐवजी शेतात राबलेले. अलीकडे, २०१४ मध्ये, फिफ्टी सेंट या रॅप गायकाने मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरला ‘हॅरी पॉटर’चे एक पान न अडखळता वाचून दाखवायचे आव्हान दिले आणि साडेसात लाख डॉलर देऊ केले. समाजमाध्यमांवर लोक खदखदून हसले. हा हसण्याचा विषय कसा होतो, हे मला कळत नाही. गरिबीतून आणि मोडक्या शाळांतून आलेल्या मुलांची उणीव त्यांच्या माथी मारण्यापलीकडे त्यात काही नव्हते.

तुरुंगातले वाचन हा स्वतंत्र अध्याय आहे. टायसन १९९२ ते १९९५ या काळात बलात्काराच्या गुन्ह्यासाठी इंडियानात कैदेत होता. तिथे त्याने व्हॉल्तेअर, मॅकिआव्हेली, टॉलस्टॉय, माओ असे मिळेल ते वाचले. ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधला कैदी एडमंड दान्तेस त्याला आपलासा वाटला. टेनिसपटू आर्थर अॅश यांचे ‘डेज ऑफ ग्रेस’ वाचून तो इतका भारावला, की त्यांचा चेहरा त्याने दंडावर गोंदवून घेतला. माओही त्याच्या दुसऱ्या दंडावर आहे.

रुबिन ‘हरिकेन’ कार्टर या मिडलवेट मुष्टियोद्ध्याची हकिकत याहून विलक्षण. न्यूजर्सीतल्या पॅटरसन शहरात १९६६ मध्ये झालेल्या तिहेरी खुनासाठी त्याला जन्मठेप झाली. आपण निर्दोष आहोत, तेव्हा कैद्यासारखे वागणार नाही, म्हणून त्याने तुरुंगाचा गणवेश आणि काम नाकारले. कोठडीत तो कायद्याची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचत राहिला. १९७४ मध्ये त्याचे ‘द सिक्स्टीन्थ राउंड’ हे आत्मचरित्र आले. एक प्रत त्याने गायक बॉब डिलनला पाठवली. त्यातून १९७५ चे ‘हरिकेन’ हे गाणे निर्माण झाले. पण १९७६ मध्ये फेरखटल्यातही शिक्षा कायम राहिली आणि प्रसिद्धी ओसरली.

पुढे टोरांटोतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत ते पुस्तक लेझ्रा मार्टिन या ब्रुकलिनच्या मुलाच्या हाती लागले. त्याला शिक्षणासाठी कॅनडातल्या काही जणांनी आपल्या घरी आणले होते. तोवर त्याला धड वाचताही येत नव्हते. त्याने पूर्ण वाचलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. त्याने कार्टरला पत्र लिहिले, कार्टरचे उत्तर आले, आणि ती कॅनेडियन मंडळी खटल्याची कागदपत्रे तपासायच्या कामात उतरली. नोव्हेंबर १९८५ मध्ये संघीय न्यायाधीश ली सॅरोकिन यांनी शिक्षा रद्द केली. कार्टर टोरांटोला स्थायिक झाला आणि चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख म्हणून त्याने अनेक वर्षे घालवली. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. लेझ्रा मार्टिन कायदा शिकून वकील झाला.