आयपीएल की डायोड लेझर? मशीन घेण्याआधी एवढं बघा

जळगाव-धुळ्याकडच्या क्लिनिकमध्ये मशीन दाखवायला गेलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेझर केवढ्याला?" घोळ इथूनच सुरू होतो. केस काढायच्या दोन वेगळ्या मशीनना सगळे लेझरच म्हणतात. डायोड हे लेझर आहे, आयपीएल म्हणजे 'इंटेन्स पल्स्ड लाइट', जोरदार प्रकाशाचे झटके देणारं मशीन, ते लेझर नाही.

डायोडमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो, बहुतेक ८०८ किंवा ८१० नॅनोमीटरचा. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा असतो. त्याचा झोत साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर एवढा पसरलेला असतो आणि नको तो भाग फिल्टरने अडवतात. केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, प्रकाश शोषून तापतं, त्या उष्णतेने मूळ जळतं. पण मेलॅनिन कातडीतही आहेच, आणि तरंगलांबी जितकी कमी तितकं ते जास्त शोषतं. म्हणून आयपीएलचा बराचसा ताप वरच्या थरातच अडकतो. गोऱ्या कातडीवर ते निभावतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात राबलेल्या मुलीच्या हाताला दोन रंग असतात, बाहीच्या आत एक, बाहेर दुसरा. आतल्या रंगाला चालणारी सेटिंग बाहेरच्या रंगाला भाजते.

हे मी पाहिलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डॉक्टरांना आयपीएल विकलं. ते त्याला लेझर म्हणत राहिले आणि मी दुरुस्त केलं नाही. काही आठवड्यांनी त्यांनी बोलावून घेतलं. समोर बसलेल्या मुलीच्या हातावर ओळीने तपकिरी चौकटी उठल्या होत्या, बरोबर हँडपीसच्या, म्हणजे कातडीवर टेकवायच्या मुठीच्या, काचेच्या मापाच्या. ते डाग जायला महिने लागले. तेव्हापासून आयपीएलला लेझर म्हणू देत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

ओळखायचं कसं? माहितीपत्रकात तरंगलांबीचा एकच आकडा असेल तर लेझर, 'पासून-पर्यंत' असेल तर आयपीएल. आयपीएलचा शॉट कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा पांढराशुभ्र चमकतो, डायोडचा डोळ्याला जेमतेम जाणवतो. म्हणून डायोड निर्धोक समजू नका, डोळ्याला इजा त्यानेही होते. आयपीएलचा गॉगल लेझरला चालत नाही. लेझरच्या गॉगलवर तरंगलांबी छापलेली असते, ती मशीनशी जुळवून बघा.

आयपीएल टाकाऊ नाही. उजळ कातडीवरचे वांग नसलेले साधे ठिपके, चेहऱ्याची लाली यावर ते चांगलं काम करतं, आणि स्वस्तही पडतं. फार सावळ्या रंगाला मात्र डायोडपेक्षाही १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग नावाचं लेझर जास्त सुरक्षित. पांढऱ्या केसांवर यातलं काहीच चालत नाही. उन्हाने ताजी रापलेली कातडी असेल तर मशीन कुठलंही असो, थांबायचं.

डेमो देताना मी आधी हाताच्या उन्हाकडच्या बाजूला छोटा टेस्ट पॅच, म्हणजे थोड्याशा जागेवर चाचणीचा शॉट, घ्यायला सांगतो. ऑर्डरचा कागद दोन दिवसांनी, तो हात पुन्हा बघूनच काढतो.