राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राचं मतदान

राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्र मत देतो म्हणजे विधानसभेचे २८८ आमदार मत देतात. ते आपापल्या पक्षाला वाटेल तसं देतील असं आपण धरून चालतो, पण नियमात तसं कुठेच लिहिलेलं नाही आणि महाराष्ट्राचा इतिहास बघितला तर तसं प्रत्येक वेळी झालेलंही नाही. सामान्य मतदाराला या निवडणुकीत थेट मत नसतं. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांनाही नसतं, वरचं सभागृह असूनही. राज्यघटनेच्या कलम ५४ प्रमाणे मत फक्त निवडून आलेल्या आमदार-खासदारांना, त्यामुळे राज्यसभेवर नेमलेले खासदारही यात धरत नाहीत.

आमदाराचं मत म्हणजे एक मत नाही, महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं असतं. हा आकडा येतो कुठून? राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, मग परत १००० ने भागायचं, आणि बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. लोकसंख्या मात्र आजची नाही, १९७१ ची. त्या जनगणनेत महाराष्ट्र होता ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५, भागिले २८८, भागिले १०००, उत्तर १७५. सगळे आमदार मिळून २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४००. उत्तर प्रदेशचे ८३,८२४ सोडले तर देशात एवढं वजन दुसऱ्या कुठल्याच विधानसभेचं नाही. एकट्या आमदाराचं मत बघितलं तर तामिळनाडू आणि झारखंड १७६ वर आहेत, आपल्यापेक्षा एकाने पुढे, पण तिथे आमदार कमी आहेत म्हणून बेरीज आपली मोठी होते. शेजारी गोव्यात आमदाराचं मत २० चं, चाळीस आमदारांचे मिळून ८००. सिक्कीममध्ये तर फक्त ७.

आता लोकसंख्या १९७१ वरच का अडकवून ठेवली? कारण ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन नीट राबवलं त्यांचं राजकीय वजन त्यापायी घटू नये. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे गोठवलं आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने मुदत वाढवली, ती अशी की २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ च धरायचं. हेतू चांगलाच आहे, पण परिणाम काय होतो तेही बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २३ लाखांच्या वर गेला, तोच हिशोब त्या आकड्यावर केला तर आमदाराचं मत ३९० चं होतं. म्हणजे आज मुंबई-पुण्यात, ठाण्यात, पिंपरी-चिंचवडला राहणारी कोट्यवधी माणसं या हिशोबात मोजलेलीच नाहीत. अर्थात बाकीच्या राज्यांचे आकडेही वाढतील, त्यामुळे महाराष्ट्राचा देशातला वाटा त्याच पटीत वाढेल असं नाही.

खासदारांचं गणित वेगळं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांचं एकूण मूल्य घ्यायचं आणि निवडून आलेल्या ७७६ खासदारांत सारखं वाटायचं, म्हणजे राज्यं आणि संसद यांचं पारडं जवळपास बरोबरीत राहतं. २०१७ ला हे मूल्य ७०८ होतं, २०२२ ला जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती म्हणून ७०० झालं. तेव्हा महाराष्ट्राचे चार आमदार म्हणजे बरोबर एक खासदार. लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ असे ६७ खासदार धरले तर ४६,९००, आमदारांचे ५०,४०० मिळवले की ९७,३००, म्हणजे १० लाख ८६ हजार ४३१ च्या एकूण मतमूल्यात राज्याचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास. खासदार मात्र सहसा दिल्लीत संसद भवनातच मत देतात, मुंबईत द्यायचं असेल तर आधी निवडणूक आयोगाला कळवून परवानगी घ्यावी लागते.

मुंबईत मतदान विधान भवनात होतं. आमदारांना गुलाबी मतपत्रिका, खासदारांना हिरवी. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं, नोटा नसतो, फक्त नावं आणि समोर पसंतीक्रम, म्हणजे पहिली पसंती कोण, दुसरी कोण, हे आकड्यात लिहायची जागा. आत जाताना स्वतःचा पेन बाहेर ठेवावा लागतो आणि आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहावं लागतं, २०१६ ला हरियाणात राज्यसभा निवडणुकीत शाईवरून मोठा घोळ झाला, त्यानंतर २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीपासून हे सुरू झालं. पसंतीचा आकडा आंतरराष्ट्रीय अंकात लिहा, रोमन लिहा किंवा कुठल्याही भारतीय भाषेतला लिहा, चालतो. म्हणजे देवनागरी १ लिहिला तरी मत वैध, पण अक्षरात ‘एक’ लिहिलं की मत बाद. सहीसुद्धा करायची नाही. हे बारीक वाटतं पण २०२२ ला देशभरात १५ खासदारांची मतं बाद ठरली, म्हणजे वर्षानुवर्षं संसदेत बसणारी माणसंही इथे चुकतात. मतदान संपलं की पेटी सील होऊन विमानाने दिल्लीला जाते, २०२२ ला तर ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ नावाने वेगळं तिकीट काढून पेटीला अधिकाऱ्याच्या शेजारची सीट दिली होती. मोजणी सगळी संसद भवनात.

जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त लागतं. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढं मिळालं नाही तरच दुसरी पसंती मोजतात, आणि ते आजवर एकदाच झालंय, १९६९ ला, व्ही. व्ही. गिरी विरुद्ध काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्या वेळी बंगळूरच्या काँग्रेस संसदीय मंडळाच्या बैठकीत यशवंतराव चव्हाणांनी इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध रेड्डींच्या बाजूने कौल दिला होता, आणि पुढे इंदिराबाईंनी ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकायची, म्हणजे पक्षाचा उमेदवार सोडून मनाला पटेल त्याला मत द्यायची हाक दिली ती सगळ्यांना माहीत आहे. ती हाक देता आली कारण मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा आदेश, काढता येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, इथे तसं काही नाही. माझ्या मते या निवडणुकीचा सगळा जीव या एका तरतुदीत आहे.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण २००७ चं. प्रतिभाताई पाटील यूपीएच्या उमेदवार, समोर उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, अपक्ष म्हणून उभे पण पाठिंबा एनडीएचा. शिवसेना एनडीएत होती आणि तरी बाळासाहेब ठाकरेंनी जाहीर सांगितलं की मराठी बाई राष्ट्रपती होत असेल तर सेना तिच्याच मागे उभी राहणार. भाजपला हे झोंबलं, पण सेना हटली नाही. प्रतिभाताई १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा आमदार झालेल्या, पुढे अमरावतीच्या खासदार, मग राजस्थानच्या राज्यपाल, अशी माणसं घडायला राज्याच्या राजकारणात काही दशकं जावी लागतात. २५ जुलै २००७ ला त्यांनी शपथ घेतली, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि महाराष्ट्राच्या पहिल्याच राष्ट्रपती. पुढे २०१२ लाही सेनेने एनडीएत राहून प्रणव मुखर्जींना मत दिलं आणि भाजप समोरच्या उमेदवाराबरोबर, पी. ए. संगमांबरोबर राहिला. विधानसभेत बाके एका बाजूला, मत दुसऱ्या बाजूला, असं सलग दोनदा झालं.

२०१७ ला रामनाथ कोविंद निवडून आले तेव्हा छगन भुजबळ तुरुंगात होते, कोर्टाच्या परवानगीने त्यांना मतदानापुरतं विधान भवनात आणलं होतं.

२०२२ चं मतदान तर फारच तापलेल्या वातावरणात झालं. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ ने जिंकला, आणि १८ जुलैला राष्ट्रपतीपदाचं मतदान. यशवंत सिन्हांचं नाव विरोधकांनी पुढे केलं होतं, त्याआधी शरद पवारांना विचारलं होतं पण त्यांनी नाही म्हटलं. महाविकास आघाडीतले काँग्रेस-राष्ट्रवादी सिन्हांबरोबर, मात्र उद्धव ठाकरेंनी द्रौपदी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. ज्या भाजपने आपलं सरकार पाडलं असं ते म्हणत होते त्याच भाजपच्या उमेदवाराला. निकालात महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आणि सिन्हांना ९८ आमदारांची मतं पडली. १६४ चे १८१ कसे झाले याचा हिशोब लावला तर विधानसभा अध्यक्ष आणि उरलेले ठाकरे गटाचे आमदार धरून बेरीज जवळपास जुळते, म्हणजे क्रॉस व्होटिंगच्या, पक्षाची बाजू सोडून मत दिल्याच्या, चर्चा कितीही रंगल्या तरी गणिताला त्याची फार गरज नाही.

मुर्मूंची मुदत जुलै २०२७ ला संपते. नव्या जनगणनेची माणसं मोजायची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, पण सध्याच्या तरतुदीप्रमाणे नुसती जनगणना होऊन भागत नाही, तिचे आकडे प्रसिद्ध व्हावे लागतात, त्यामुळे ही निवडणूक बहुधा १७५ वरच होईल. २०२४ च्या विधानसभेत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ असे २३० निवडून आले, म्हणजे ४०,२५० चं मूल्य कागदावर एका बाजूला दिसतं. पण त्यातही तीन पक्ष आहेत, आणि व्हिप तेव्हाही नसेल.