धातूच्या वनस्पती-नामपट्ट्या

उद्यानातील, रोपवाटिकेतील किंवा घरच्या कुंडीतील वनस्पतीची ओळख दीर्घकाळ टिकावी, यासाठी धातूच्या पत्र्यावर तिचे नाव कोरून किंवा ठशांनी उमटवून लावलेली पट्टी. वनस्पतिउद्यानांत अशा पट्टीवर शास्त्रीय नाव, कुल, स्थानिक नाव, मूळस्थान आणि नोंदवहीतील क्रमांक दिलेला असतो; घरच्या बागेत नाव आणि लावल्याचे वर्ष एवढे पुरते.

मुंबईत या साध्या वस्तूची खरी परीक्षा हवामान घेते. येथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले वर्ष कडक ऊन आणि समुद्राकडून येणारी खारी हवा यांचे असते. लाकडी पाटी कुजते, प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने ठिसूळ होऊन मोडते आणि ‘पक्की’ म्हणून विकत घेतलेली मार्करची शाई पत्र्यावरूनही हळूहळू उडून जाते. त्यामुळे पट्टी कोणत्या धातूची घ्यावी, यापेक्षा तिच्यावर अक्षर कसे उमटवावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रंगाने काढलेले अक्षर जाते; पत्र्यात दाबलेले अक्षर, वर शेवाळ चढले तरी, बोटाने चाचपून वाचता येते.

नाव हरवल्याने काय होते, हे शहरातल्या ‘अशोका’वरून दिसते. सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने उभी असणारी उंच, निमुळती, लोंबत्या पानांची झाडे सर्रास अशोक म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात तो सीताफळाच्या कुलातला, आसुपालव या नावानेही परिचित असलेला वेगळा वृक्ष आहे. केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा आणि आयुर्वेदात सालीसाठी सांगितलेला सीताअशोक शिंबावंत कुलातला. दोन्ही झाडे एकाच आवारात असतील, तर दोन पट्ट्या हा घोटाळा कायमचा मिटवू शकतात. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानासारख्या, म्हणजे १८६२ मध्ये खुल्या झालेल्या राणीच्या बागेसारख्या ठिकाणी तर आफ्रिकेतील गोरखचिंचेपासून देशोदेशींचे वृक्ष आहेत, आणि तेथे येणाऱ्या बहुतेक मुलांना त्यांचे नाव सांगणारे दुसरे कोणी सोबत नसते.

धातूंमध्ये ॲल्युमिनियम सर्वाधिक सोयीचे आहे. हवेशी संयोग होऊन त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. मात्र किनाऱ्यालगत क्षारांमुळे हा थर जागोजागी फुटतो, पांढरी भुकटी सुटते आणि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. जस्ताच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेले नाव काळे पडत जाऊन वर्षानुवर्षे टिकते. मोरचुदाच्या द्रावणाने लिहिल्यासही जस्तावर काळे अक्षर उमटते. तांबे आणि पितळ गंजून संपत नाहीत, त्यांच्यावर हिरवट-काळसर छटा चढते, पण भंगारात त्यांना चांगला भाव असल्याने सार्वजनिक बागेत ती चोरीला जातात. जस्तलेपित लोखंडी पत्रा स्वस्त असला, तरी कापलेल्या कडेपासून व भोकापासून त्याला गंज धरतो. अगदी समुद्रासमोरच्या बागेसाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील उत्तम. नेहमीच्या ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते शहरातील बहुतेक बागांसाठी सुमारे एक मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियम पुरेसे आहे.

अशी पट्टी घरीही करता येते. पत्रा जाड लोखंडी तुकड्यावर ठेवून अक्षरांचे पोलादी ठसे एकेक करून हातोडीच्या एकाच ठाम घावाने ठोकतात. दुसरा घाव बसला की अक्षर दुहेरी उमटते. ओळ सरळ यावी म्हणून पत्र्यावर आधी चिकटपट्टी लावून तिच्या कडेला ठसा टेकवतात. पातळ, मऊ ॲल्युमिनियमवर तर रिकाम्या बॉलपेनने दाबून लिहिले तरी चालते.

पट्टी बांधण्यात होणाऱ्या चुका मात्र झाडाच्या जिवावर येतात. ॲल्युमिनियमची पट्टी तांब्याच्या तारेने अडकवली, तर पावसाच्या पाण्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन भोकाभोवतीचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते व पट्टी गळून पडते. म्हणून तारही ॲल्युमिनियमचीच असावी. फांदीभोवती तार आवळली, तर फांदी जाड होताना ती सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली नेणारी ऊती तुटते. खोड वाढते ते जाडीने, त्यामुळे छातीच्या उंचीवर खिळ्याने ठोकलेली पट्टी त्याच उंचीवर राहते, पण काही वर्षांत साल तिला कडांकडून गिळू लागते. झाडांवर खिळे ठोकण्याला मुंबईतील वृक्षप्रेमींचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. खोडाशेजारी जमिनीत रोवलेल्या दांड्यावर तिरकी बसवलेली पट्टी हा सर्वांत निर्धोक उपाय होय. मोठ्या खोडाला बांधायचेच असेल, तर ताणली जाणारी स्प्रिंग वापरून ती दरवर्षी सैल करावी लागते.

टिकाऊपणाची एक अडचण अशी, की धातू टिकतो आणि नाव बदलते. सोनचाफ्याचे मिशेलिया चंपाका हे नाव आता मॅग्नोलिया चंपाका असे झाले आहे, तर आसुपालवाचे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया हे नाव मोनून लाँगिफोलियम असे बदलले आहे. म्हणून वनस्पतिउद्यानांत नोंदक्रमांकाची छोटी धातूची चकती झाडाजवळ कायम ठेवतात आणि नावाची पट्टी वेगळी लावतात. नाव बदलले, तर फक्त पट्टी बदलते. झाड मेले, तर चकती काढून नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तारीख लिहितात व तो क्रमांक दुसऱ्या झाडाला देत नाहीत.