पार्श्वभूमी: उघडे खांदे संध्याकाळी, झाकलेली मान दिवसा

२० जून १८३७ रोजी व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर आली, तेव्हा तिथल्या बायकांच्या पोशाखात एक मोठा बदल नुकताच घडून गेला होता. त्याआधीच्या काही वर्षांत बाह्या इतक्या फुगल्या होत्या, की त्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून आत पिसांच्या उशा घालाव्या लागत. १८३६ च्या सुमारास हा फुगवटा एकदम बसला. बाह्या हळूहळू दंडाला घट्ट झाल्या, चोळीची कंबर पुढे टोकदार होऊन खाली उतरली आणि घोट्याशी थांबणारा घेर जमिनीला टेकला.

या कपड्यांचं मर्म मला मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भागात, दिसतं. खांद्याची शिवण जागेवर न ठेवता खाली दंडावर आणलेली, आणि बाही तिथून सुरू. असा गाउन घातला की हात खांद्याच्या वर नीट उचलताच येत नाही. हूक किंवा नाडीचे काजे बहुधा पाठीवर, आत कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ अंगी; त्यामुळे तयार व्हायलाच दुसऱ्या बाईची मदत हवी. चित्रांतल्या बायका इतक्या शांत, हात जुळवून बसलेल्या दिसतात, त्यात स्वभावापेक्षा शिवणीचा वाटा मोठा आहे. अर्थात हे सगळं खानदानी आणि सुखवस्तू घरांतलं. ज्यांना दिवसभर राबायचं होतं, त्यांना असे कपडे परवडणारे नव्हते.

कोणत्या वेळी काय घालायचं, याचे नियम कडक होते. सकाळचा पोशाख वेगळा, फिरायला जाण्याचा वेगळा, गाडीतून हिंडण्याचा वेगळा आणि संध्याकाळचा त्याहून वेगळा. मासिकांत हाताने रंगवलेली चित्रं येत आणि त्यांच्याखाली हेच प्रकार छापलेले असत. त्यातली बरीच चित्रं मूळ पॅरिसची. तिथल्या एलोईज, आनाईस आणि लॉर या कोलँ घराण्यातल्या बहिणींनी अशी असंख्य चित्रं काढली. त्यावरून लंडनच्या शिवणकारणी गाउन बेतत.

संध्याकाळी गळा रुंद आणि खोल, दोन्ही खांदे उघडे, गळ्याभोवती लेसची रुंद पट्टी, बाह्या आखूड. कापड रेशीम किंवा सॅटिन. मेणबत्त्यांच्या आणि दिव्यांच्या उजेडात पांढरा, गुलाबी, फिका निळा असे रंग उठून दिसत. हातात पांढरे मोजे आणि पंखा, पायांत टाच नसलेल्या पातळ सॅटिनच्या सपाता. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या लग्नातला राणीचा पोशाखही याच घाटाचा होता. त्यामागे विचार होता. सॅटिन लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेलं, होनिटन नावाची लेस डेव्हन परगण्यातल्या बीअर या गावात हातांनी केलेली. तिथल्या दोनशेहून अधिक बायकांना त्यातून काम मिळालं. १२ मे १८४२ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात झालेला जुन्या काळच्या धाटणीच्या पोशाखांतला नाचसमारंभही स्पिटलफील्ड्सच्या अडचणीत आलेल्या विणकरांना काम मिळावं म्हणूनच होता.

तीच बाई दुपारी हाइड पार्कात किंवा रीजंट स्ट्रीटला निघाली, की गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलेली. संध्याकाळी भोवती आपल्याच वर्तुळातली माणसं असत, रस्त्यावर मात्र कोणीही पाहू शकत असे. म्हणून बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली फितीने बांधायची टोपी, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेलं. त्याच्या मागच्या कडेला झालर, तिच्याखाली मानही झाकली जाई. बाजूने चालणाऱ्याला तिचा चेहरा जेमतेम दिसे, आणि तिलाही मान वळवल्याशिवाय आजूबाजूचं दिसत नसे. हातात छोटी छत्री. घेर जमिनीवरून घासे, त्यामुळे आपण साडीला फॉल लावतो तशी खालच्या काठाला लोकरी पट्टी लावत. झिजली की ती बदलायची आणि गाउन वाचवायचा.

रुंद घेरावर कोट बसणं कठीण, म्हणून बाहेर जाताना शाल किंवा केप, म्हणजे खांद्यांवरून घ्यायचा बिनबाह्यांचा झगा. खरी काश्मिरी शाल ही श्रीमंतीची खूण होती. तिला किती मोल होतं ते १८४६ च्या अमृतसर तहातही दिसतं: जम्मूचा राजा गुलाबसिंग याने इंग्रजांना दरवर्षी एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात, असं त्यात ठरलं. ज्यांच्या खिशाला ती झेपत नसे, त्यांच्यासाठी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मागांवर नकला निघत. आपली कोयरी तिथे इतकी विणली गेली, की जगभर ती त्या गावाच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. काश्मिरातल्या ज्या विणकरांच्या हातून हे नक्षीकाम घडलं, त्यांचं नाव मात्र त्यात कुठेच उरलं नाही, याची खंत वाटते.

हे सगळे गाउन हातांनीच शिवले जात. १८४३ साली मुलांच्या मजुरीविषयीच्या सरकारी आयोगाचा अहवाल आला. त्यात शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या साक्षी आहेत. बहुतेकींनी १४ ते १६ व्या वर्षी काम धरलेलं. लंडनच्या ‘सीझन’मध्ये, म्हणजे मेजवान्या आणि नाचसमारंभांच्या हंगामात, चांगल्या समजल्या जाणाऱ्या दुकानांतही रोज १५ तास काम, आणि अनेक ठिकाणी रात्री झोपायला सहा तासही मिळत नसत. समारंभाची तारीख हलत नसे, त्यामुळे ऑर्डर उशिरा आली की रात्र जागून ती पुरी करायची. संध्याकाळच्या पोशाखाचा इतिहास सांगताना या मुली सुटून जातात, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

घेर १८४० च्या दशकात वाढतच गेला. तो धरून ठेवायला आत एकावर एक परकर, त्यातला एक घोड्याच्या केसांनी कडक केलेला. चालताना हा सगळा भार कंबरेवर येई. १८५६ साली पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं, म्हणजे घेर फुगवून धरणाऱ्या पिंजऱ्यासारख्या सांगाड्याचं, पेटंट घेतलं गेलं आणि परकरांचे थर उतरले. घेर आणखी रुंद झाला, पण पाय मोकळे झाले. त्याच वर्षी विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. शिवणयंत्रंही दुकानांत येऊ लागली होती.