पिशवीतल्या पुस्तकांतली नशा : सभासदांसाठी माहिती

गेल्या महिन्यात रामबागेतल्या एका काकूंनी आपल्या वाचनालयाकडून आलेली पुस्तकांची पिशवी उघडली आणि लगेच फोन केला, "अहो, नातवाला विज्ञानकथा पाठवा म्हटलं होतं. ही तर नशेबाजांची गोष्ट निघाली!" चूक आमचीच. म्हणून हे पत्रक, यापुढे विज्ञानकथांच्या प्रत्येक पिशवीत.

या पुस्तकांतली द्रव्यं काल्पनिक आहेत, पण लेखकांनी ती हवेतून काढलेली नाहीत.

सर्वांत जास्त मागणी 'ड्यून'ला (१९६५). त्यातला मसाला म्हणजे 'मेलांज'. वास दालचिनीसारखा. खाणाऱ्याचं आयुष्य वाढतं आणि डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा निळा होतो. अवकाशयानांचे वाटाडे त्याच्याच जोरावर पुढचं पाहून वाट काढतात. एकदा अंगवळणी पडला की बंद करणं म्हणजे मरण. आणि तो मिळतो फक्त एका वाळवंटी ग्रहावर! माळव्यातल्या माणसाला यापुढचं राजकारण समजावून सांगायला नको. इथली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे चीनला जायची आणि तो व्यापार मुठीत घ्यायला कंपनी सरकारने बरीच धडपड केली. आजही मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला पट्ट्याशिवाय, म्हणजे सरकारी परवान्याशिवाय, अफू पेरता येत नाही, चीक सरकारलाच द्यावा लागतो आणि पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरात आहे. 'ड्यून'मधली नावं गोंधळात टाकतात. मसाल्याच्या कोठाराची किल्ली कोणाकडे, एवढं धरून ठेवा.

मसाला सोडला की मरण, हे खऱ्या आयुष्यात होतं का, असं एकांनी विचारलं. अफूच्या जातीचं व्यसन सुटताना हाल फार होतात, पण सहसा जीव जात नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तर मात्र झटके येऊन, भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. सकाळचा चहा चुकला की डोकं धरतं, ते याच घराण्यातलं शेंडेफळ.

'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) 'सोमा' नावाने आपल्या ओळखीचा. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाचं आहे. या पुस्तकाचा लेखक हक्सली, त्याच्या सोमात मात्र ना यज्ञ, ना मंत्र. गोळी सरकार वाटतं. अर्ध्या सुटीला अर्धा ग्रॅम, शनिवार-रविवारला एक. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. आमच्या मते या पत्रकातल्या तिन्ही द्रव्यांत भीतीदायक हाच.

काकूंकडे गेलेलं पुस्तक 'अ स्कॅनर डार्कली' (१९७७). त्यातल्या 'सबस्टन्स डी'ने मेंदूच्या दोन अर्ध्यांचं आपसात पटेनासं होतं. वेष पालटून नशेबाजांत राहणाऱ्या पोलिसाला स्वतःवरच पाळत ठेवायचं काम मिळतं आणि तो कोण हे त्यालाच उमगेनासं होतं. शेवट सांगत नाही. पुस्तक संपल्यावर लेखकाने व्यसनापायी मेलेल्या, कायमच्या अधू झालेल्या आपल्या मित्रांची यादी दिली आहे. ती पानं सोडू नका.

यापुढे अशा पुस्तकांवर लाल चिठ्ठी असेल आणि ती अठरा वर्षांखालील सभासदांना मिळणार नाहीत. काकूंना पिशवी बदलून दिली. नातवाने तीच परत मागवली आहे. तो सोळाचा आहे, तेव्हा दोन वर्षं थांबावं लागेल.