बार्शीची वही, मुंबईची वही आणि स्तनाचा कर्करोग

मुंबईत १९६३-६४ पासून कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. १९८७ मध्ये तशीच नोंदवही सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या परंडा व भूम तालुक्यांतील गावांसाठी सुरू झाली. ग्रामीण भागापुरती अशी देशातील ती पहिलीच. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचेलच याचा भरवसा नसल्यामुळे तेथील कर्मचारी गावोगाव फिरून चौकशी करतात. या दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर वयोमानातील फरक जमेस धरूनही मुंबईच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीकडच्या स्त्रियांच्या दुपटीहून अधिक भरते. मुंबईकरांपैकी कितीतरी कुटुंबे घाटावरून आणि कोकणातूनच आलेली आहेत, तेव्हा एवढ्या मोठ्या फरकाचे कारण रक्तात शोधण्यापेक्षा राहणीत शोधणे अधिक शहाणपणाचे.

राहणीचा आणि या रोगाचा मुख्य दुवा म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पाळीच्या प्रत्येक चक्रात ते दुधाच्या ग्रंथींमधील पेशींना वाढण्याचा इशारा देते, पेशी विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना चूक होण्याची थोडीशी शक्यता असते. पाळी लवकर सुरू झाली, उशिरा गेली, मूल झालेच नाही किंवा तिशीनंतर झाले, तर हा काळ लांबतो. इटलीतील पादुआ शहराचे वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्येच नोंदवले होते, की मठातील जोगिणींमध्ये हा रोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. मुंबईत उशिरा लग्न आणि मोजकी मुले असलेल्या पारशी समाजातही त्याचे प्रमाण पूर्वीपासून जास्त आढळले आहे. बार्शीकडच्या स्त्रियांना जे संरक्षण मिळाले, त्यातला मोठा वाटा लवकर झालेल्या लग्नाचा आणि बाळंतपणांचा होता, आणि ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. त्या राहणीतले जे घेण्याजोगे आहे, तेवढ्याचाच येथे विचार करायचा.

त्यात पहिले म्हणजे अंगावर पाजणे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे ५० हजार रुग्ण आणि ९७ हजार निरोगी स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. हे महिने सर्व मुलांचे मिळून मोजायचे असतात. दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजले, तर हिशेब तीन वर्षांचा होतो. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्षही आले. पण रजा संपल्यावर कचेरीत दूध काढून ठेवायला आडोसा आणि फ्रीज नसेल, तर केवळ आईला उपदेश करून काय साधणार?

दुसरी गोष्ट कमरेच्या घेराची, आणि ती पाळी गेल्यानंतर विशेष महत्त्वाची ठरते. बीजकोशांचे काम थांबले, तरी चरबीतील ॲरोमाटेझ नावाचे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करत राहते, त्यामुळे पोटावर साठलेली चरबी हा जणू त्याचा छोटा कारखानाच होतो. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेले ही ठेवण इतकी सर्रास आहे, की वजनकाटा पुष्कळदा फसवतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी दीड हजारांहून अधिक रुग्णांची तुलना निरोगी स्त्रियांशी केली, तेव्हा पोटाच्या स्थूलतेचा आणि या रोगाचा संबंध पाळी जाण्याआधीच्या वयातही दिसला. घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नव्हे तर अंगाला लावून. साडीची गाठ बसते तेथे मोजले, तर आकडा चुकतो. भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात.

व्यायामाचा फायदा काही अंशी याच वाटेने होतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, हे प्रमाण पुरेसे धरतात. ‘दिवसभर घरकाम करतेच की’ हे उत्तर अर्धेच खरे आहे: पाणी भरणे, फरशी पुसणे यांत दम लागत असेल तर ते मोजावे, ओट्यापाशी तासभर उभे राहणे मोजू नये.

मद्याबाबत सुरक्षित मर्यादा सापडलेली नाही. दररोज १० ग्रॅम अल्कोहोल पोटात गेले, तर धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. व्हिस्कीचा ३० मिलिलीटरचा एक छोटा पेग किंवा वाइनचा शंभर मिलिलीटरचा पेला म्हणजे जवळपास तेवढेच; वाइनला यात सूट नाही. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही धोका वाढतो, म्हणून त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. हळद, कारले किंवा एखादा काढा घेऊन हा रोग टळतो, याला माणसांवरील अभ्यासांचा भक्कम आधार नाही.

हे सारे आकडे समूहाचे आहेत, एकट्या व्यक्तीचे नव्हेत. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत रोगाचे मूळ बीआरसीए १ व २ यांसारख्या वारशाने आलेल्या जनुकदोषांत असते. आई, मावशी किंवा बहिणीला कमी वयात हा रोग झाला असेल, तर जनुकतपासणीबद्दल विचारावे. नियमाने चालणाऱ्या, कधी मद्याला न शिवलेल्या बाईलाही गाठ येते, आणि तेव्हा ‘माझे काय चुकले’ या प्रश्नाला बहुधा काहीच उत्तर नसते.

म्हणून तपासणी सुटत नाही. मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. त्यांतील निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वस्त्यांतील रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडला होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही.